रोश हाशाना ते सिम्हाथ तोरा: स्वमग्न मुलाची ज्यू सणांसाठी तयारी कशी करून घ्यावी?

ठाण्याची आई

सर्वांना शालोम. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. माझा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे. तो तीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता असल्याचे निदान झाले. तो मोजके शब्द बोलतो, चित्रांवर बोट ठेवून बरेच काही सांगतो आणि दिवस नेहमीच्या क्रमाने गेला तर मनापासून आनंदात असतो. अडचण सणांमध्ये येते. गेल्या वर्षी रोश हाशानाला, म्हणजे आपल्या नववर्षाला, आम्ही त्याला सिनेगॉगमध्ये (प्रार्थनालयात) नेले. शोफारचा, म्हणजे फुंकून वाजवायच्या शिंगाचा, पहिला आवाज आला तेव्हा त्याने दोन्ही कान घट्ट दाबून धरले, दुसऱ्याला तो जमिनीवर आडवा झाला आणि तिसऱ्याच्या आधीच मी त्याला उचलून बाहेर आणले. जिन्यात आम्ही दोघे पाऊण तास बसून होतो. नंतर एका वयस्कर बाईंनी, अगदी मायेने, मला सांगितले की अशा मुलाला घरीच ठेवलेले बरे, देव समजून घेतो. देव समजून घेतो यावर माझाही विश्वास आहे. परंतु सण हवा की नको हे माझ्या मुलाला कोणी विचारलेच नाही, ही गोष्ट वर्षभर मनाला लागून राहिली आहे.

कारण त्याला सण नको आहेत असे मला वाटत नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे) दिवे लावताना तो न बोलावता माझ्या शेजारी येऊन उभा राहतो, आणि त्याचे वडील किद्दूश हा आशीर्वाद म्हणू लागले की त्या सुरावर डोलतो.

यंदा रोश हाशाना ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होईल, योम किप्पूर हा उपासाचा, प्रायश्चित्ताचा दिवस २१ तारखेला आहे आणि २५ तारखेच्या संध्याकाळी सुक्कोथ हा मंडपांचा सण लागेल. त्यातच १४ तारखेला आमच्या भागात गणपती बसतील आणि सुक्कोथची पहिली संध्याकाळ नेमकी विसर्जनाची असेल, म्हणजे शाळेचा क्रम मोडलेला आणि बाहेर ढोलताशे, असे तीन आठवडे त्याला काढायचे आहेत. शोफारचे काय करावे, योम किप्पूरला आम्ही दोघेही उपास करत असताना त्याचा दिवस कसा सांभाळावा, आणि प्रार्थना संपल्यावर हातबोशीसाठी (एकमेकांच्या हाताला स्पर्श करून बोटे ओठांना लावण्यासाठी) पुढे येणारे पन्नास हात त्याला सहन होत नाहीत हे लोकांना कसे सांगावे, असे माझे तीन प्रश्न आहेत. ज्यांनी हे स्वतःच्या घरात किंवा वर्गात अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अश्दोदची मावशी

ताई, मी इस्राएलमध्ये विशेष मुलांच्या शाळेत २६ वर्षे शिकवले आणि दर तिश्री महिन्यात, म्हणजे या सणांच्या महिन्यात, हाच प्रश्न माझ्यासमोर आला. आधी एक दिलासा देते. यंदा रोश हाशानाचा पहिला दिवस शनिवारी येतो, आणि शब्बाथला शोफार वाजवत नाहीत. रोश हाशानात तुमच्या मुलाला शोफारला फक्त एकदा, रविवारी १३ तारखेला सामोरे जायचे आहे. पहिल्या दिवशी त्याला निर्धास्तपणे नेता येईल, आणि तीच दुसऱ्या दिवसाची पूर्वतयारी ठरेल.

आता शोफारविषयी. माझ्या अनुभवात मुलांना आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याचा अंत कुठे आहे हे न कळण्याचा त्रास अधिक होतो. आपल्याला ठाऊक असते की हे थांबणार आहे. मुलाला ते ठाऊक नसते, त्यामुळे प्रत्येक आवाज त्याला कायमचा वाटतो. सुदैवाने शोफारची रचना इतकी नेमकी आहे की ती कागदावर काढून दाखवता येते. तेकिया म्हणजे एक लांब रेघ, शेवारीम म्हणजे तीन मध्यम रेघा, आणि तेरुआ म्हणजे नऊ ठिपके. मुसाफच्या (सणाच्या जादा प्रार्थनेच्या) आधी जे तीस आवाज होतात त्यांत तेकिया, शेवारीम, तेरुआ, तेकिया ही ओळ तीन वेळा येते, मग तेकिया, शेवारीम, तेकिया ही ओळ तीन वेळा, आणि शेवटी तेकिया, तेरुआ, तेकिया ही ओळ तीन वेळा. या नऊ ओळी एका जाड पुठ्ठ्यावर काढा, प्रत्येक ओळीवर झाकण म्हणून कापडाची एक पट्टी चिकटपट्टीने लावा आणि ओळ संपली की मुलाने ती पट्टी ओढून काढावी. सणाच्या दिवशी लिहिणे चालत नाही, म्हणून पेनाने खुणा करण्याची पद्धत घालू नका. जी वस्तू नुसती लावता-काढता येते तीच वापरा. शेवटची पट्टी निघाली की आवाज संपला, हे त्याला स्वतःच्या हाताने कळेल. पूर्ण प्रार्थनेत साधारण शंभर आवाज होतात, परंतु मूळ कर्तव्य तिसांचे आहे. तेवढे ऐकून तुम्ही बाहेर पडलात तर त्याने अर्धवट सण केला असे मानू नका.

सराव आजपासून सुरू करा, कारण तिश्रीच्या आधीचा एलूल महिना चालू झाला आहे आणि सलिहोथच्या (क्षमायाचनेच्या प्रार्थनांच्या) निमित्ताने शोफार कानावर पडण्याचा हाच काळ आहे. प्रथम ध्वनिमुद्रित आवाज, अगदी हळू, आणि सुरू-बंद करण्याचे बटण त्याच्या हातात. त्याने पाच सेकंदांत बंद केले तर त्या दिवसापुरते तेवढेच पुरे. पुन्हा लावण्याचा आग्रह कोणीही धरू नये. चार-पाच दिवसांनी आवाज किंचित वाढवा. त्यानंतर खरे शिंग त्याच्या हातात द्या. त्याचा खडबडीतपणा, वास, आतली पोकळी त्याला हवा तितका वेळ पाहू द्या आणि त्याची इच्छा असेल तर त्यालाच फुंकू द्या. ज्या मुलाने स्वतःच्या ओठांनी शोफारमधून थोडासा का होईना आवाज काढला आहे, त्याला तो दुसऱ्याच्या ओठांवर पाहून तितके भय वाटत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. शेवटी मोकळ्या जागेत, लांबून, खऱ्या शोफारचे तीन-चार आवाज ऐकवा.

कानांवर लावायची संरक्षक आवरणे घ्या, परंतु यंत्रशाळेत कामगार वापरतात तशी साधी, बॅटरी नसलेली घ्या, म्हणजे शब्बाथ आणि सणाच्या दिवशी वीज वापरावी की नाही हा प्रश्नच उभा राहणार नाही. ती आवाज सुरू झाल्यावर लावू नका, आधी लावा. आणि महिनाभर घरी दहा-दहा मिनिटे घालून त्यांची सवय करा, नाहीतर सणाच्या दिवशी डोक्यावरचा दाबच नवा त्रास होऊन बसेल. दाराजवळची जागा आधीच मागून ठेवा. बाहेर जाण्याचे एक चित्र त्याच्या हातात असू द्या आणि त्याने ते दाखवताच कोणताही प्रश्न न विचारता उठा. हे वचन एकदाही मोडू नका.

पुण्याचा बाबा

वरील प्रतिसाद मी पत्नीला वाचून दाखवला. रेघा आणि ठिपक्यांची युक्ती आम्हीही करणार आहोत. मी योम किप्पूर आणि सुक्कोथबद्दल लिहितो, कारण आमच्या घरी तेच अवघड असतात. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, ती चाकाच्या खुर्चीवर असते आणि तिला अपस्मारही आहे.

योम किप्पूरचा उपास सुमारे पंचवीस तासांचा असतो. मुलीला बारा आणि मुलाला तेरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तो बंधनकारक नाही, आणि त्यानंतरही जिवाला धोका असेल तर जीव वाचवणे हेच धर्माचे सांगणे आहे, ही गोष्ट आपल्या नातेवाइकांना वारंवार सांगावी लागते. आमच्याकडे एका वर्षी पाहुण्यांच्या गर्दीत दुपारचे औषध तासभर उशिरा दिले गेले, तिची झोपही पुरी झाली नव्हती, आणि संध्याकाळी तिला फिट आली. औषधाची वेळ, जेवणाची वेळ आणि झोप या तीन गोष्टी सणाला वाकवायच्या नाहीत, हा नियम तेव्हापासून आमच्या घरात सर्वांना मान्य आहे. पुढच्या वर्षी ती बारा वर्षांची होईल, म्हणून तिच्या डॉक्टरांचे मत लेखी घेऊन मी ते आधीच रब्बींना (धर्मगुरूंना) दाखवले आहे, म्हणजे ऐन सणात कोणी वाद घालू नये.

आई-वडील दोघेही उपाशी असतात तेव्हा दुपारी तीननंतर दोघांचाही धीर कमी होतो, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावे. आम्ही दिवसाची वाटणी करतो. आदल्या संध्याकाळी कोल निद्रेला (सुरुवातीच्या प्रार्थनेला) एक जण जातो, दुसऱ्या दिवशी नेइलाला (शेवटच्या प्रार्थनेला) दुसरा. आणि दुपारच्या सर्वात कठीण तीन तासांसाठी आमच्या इमारतीतली एक शेजारीण, जी आपल्या धर्माची नाही आणि जिला उपास नाही, येऊन मुलीजवळ बसते. मुलीचे जेवण आदल्या दिवशीच डब्यांत भरून, वेळ लिहून ठेवलेले असते. उपाशी माणसाला त्या दिवशी काही शोधावे लागू नये.

पांढऱ्या कपड्यांबद्दलही सांगतो. आपल्याकडे योम किप्पूरला सर्वांना नवे पांढरे कपडे घालण्याची हौस असते. नवा कडक कपडा आणि मानेजवळची कापडी पट्टी हे स्वमग्न मुलासाठी दिवसभराचे टोचणे ठरू शकते, म्हणून कपडा चार वेळा धुऊन मऊ करा, पट्टी उसवून टाका आणि आधी दोन-तीनदा थोडा वेळ घालून पाहा. त्याला नको असेल तर नेहमीचाच शर्ट पांढऱ्या रंगात घ्या.

सुक्कोथमध्ये आम्हाला मुख्य अडचण दाराची होती. सुक्काचे, म्हणजे सणाच्या मंडपाचे, दार अरुंद असले किंवा जमिनीवर चौकटीची पट्टी असली की खुर्ची आत जात नाही आणि मूल बाहेर राहते. गेली दोन वर्षे मंडप बांधण्याआधी मी खुर्चीची रुंदी मोजून बांधणाऱ्यांना देतो. हे काम पाच मिनिटांचे आहे, फक्त आधी आठवायला हवे. लुलाव (सणाची खजुराची झावळी) तिच्या हातात धरता येत नाही, म्हणून मी तिच्या हाताखाली हात धरतो. एत्रोगचा (लिंबासारख्या फळाचा) वास तिला इतका आवडतो की ती तो परत द्यायला तयार नसते, आणि आमच्या हजानांनी (प्रार्थना चालवणाऱ्यांनी) एकदाही घाई केलेली नाही.

तुमच्या मुलाला सुक्कामध्ये बसणे असह्य झाले, आणि यंदा बाहेर मिरवणुकीचा आवाज असल्यामुळे ते होऊ शकते, तर एक गोष्ट लक्षात असू द्या. ज्याला सुक्कामध्ये त्रास होतो तो सुक्काच्या कर्तव्यातून मोकळा आहे, असे ताल्मूद या धर्मग्रंथाच्या सुक्का या भागातच सांगितले आहे. ही आजच्या काळाने दिलेली सवलत नव्हे, नियमाचाच भाग आहे. त्याने आत येऊन एक घास खाल्ला आणि तो घरात परतला, तर कोणीही नाराज होण्याचे कारण नाही.

जुने सभासद

मी अनेक वर्षे आमच्या सिनेगॉगच्या व्यवस्थापनात काम केले आहे. वरील दोन्ही प्रतिसादांबद्दल आदर ठेवून एक वेगळी बाजू मांडतो. अमिदा ही मुख्य प्रार्थना मनातल्या मनात म्हटली जाते तेव्हा संपूर्ण सभागृह निःशब्द असते, आणि वर्षातून एकदाच येणारे, कोणाच्या तरी आठवणीने व्याकूळ झालेले लोक त्या शांततेसाठी आलेले असतात. त्या वेळी मुलाचा मोठा आवाज झाला तर त्यांची अडचणही खरी असते. आईला टोचून बोलणे चूकच आहे. पण कोणत्या वेळी आत यावे याचा विचार पालकांनीही करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

हातबोशीबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. हात पुढे करणे, समोरच्याच्या हाताला स्पर्श करणे आणि बोटे ओठांना लावणे ही आपल्या बेने इस्राएल समाजाची सुंदर रीत आहे, तिच्यात एकमेकांना क्षमा आणि शुभेच्छा आहेत. ज्या स्पर्शाने मूल घाबरते तो स्पर्श त्याला शुभेच्छा म्हणून पोचत नाही. त्याने स्वतःचीच बोटे ओठांना लावली आणि दुरून हात दाखवला, तर रीत पाळली गेली असे मी मानतो. हजानांनी प्रार्थनेच्या आधी दोन वाक्यांत हे सांगितले तर आईला पन्नास जणांना वेगवेगळे समजावावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट तरुण पालकांना कदाचित ठाऊक नसेल. कोकणातल्या गावांत आपले पूर्वज योम किप्पूर दारे लावून घरातच पाळत असत. त्या दिवशी बाहेर पडायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही, पांढरे वस्त्र नेसून आत बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण म्हणून नातेवाइकांकडे जायचे. अनेक गावांत प्रार्थनालयच नव्हते. तेव्हा ताई, योम किप्पूरचा दिवस तुम्ही मुलासोबत घरी, दार लावून, शांतपणे काढलात तर तुम्ही समाजापासून तुटलात असे मुळीच समजू नका. आपल्या आज्यांचा योम किप्पूर तसाच होता.

अश्दोदची मावशी

काका, शांततेबद्दलचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि म्हणूनच वेळ आधी विचारून ठेवावी असे मी सुचवते. हजानांना विचारले तर शोफार साधारण किती वाजता होईल हे ते सांगतात. मूल दहा मिनिटे आधी यावे, तीस आवाज ऐकावेत आणि मौन प्रार्थनेच्या आधी बाहेर पडावे. यात सर्वांचे भले आहे. एवढेच सांगते की अनपेक्षित आवाज झालाच, तर मागे वळून पाहू नये. वळलेल्या शंभर डोळ्यांमुळे आई घाबरते, आईचे घाबरणे मुलाला कळते आणि जो आवाज एका मिनिटात थांबला असता तो दहा मिनिटे चालतो.

आणि ज्यांना सिनेगॉगमध्ये येणे शक्यच नाही त्यांच्यासाठी घरी जाऊन शोफार वाजवण्याची प्रथा जुनी आहे. आजारी माणसासाठी आपण ते करतोच; मुलासाठी करायला कोणाची हरकत असू नये.

बीरशेवाहून, स्वतः स्वमग्न

मी २४ वर्षांचा आहे. घरी मराठी बोलतो, म्हणून इथे लिहितो आहे. लहानपणी मला सणांची भीती वाटायची आणि ती का वाटायची हे मला तेव्हा सांगता येत नव्हते. आता येते, म्हणून सांगतो.

मला आवाजापेक्षा माणसांचे वास एकत्र झाले की त्रास व्हायचा. अत्तर, मेणबत्त्या, जुनी पुस्तके, घाम आणि स्वयंपाकघरातून येणारा हलव्याचा वास हे सर्व एकाच वेळी यायचे आणि मला त्यांतला एकही वेगळा करता येत नसे. पण तोच गव्हाच्या चिकाचा हलवा आजी आदल्या दिवशी घरी एकटी ढवळत असायची, तेव्हा मी तिच्याजवळ उभा राहायचो आणि तिने मला डाव हातात दिला की तासभर ढवळायचो. तो जड होत जातो आणि हाताला त्याचा दाब लागतो, ते मला फार आवडायचे. माझा रोश हाशाना त्या पातेल्याजवळ होता. कोणीतरी माझ्या आईला सांगायला हवे होते की तेही चालेल.

दुसरे, मला कोणी «थोड्या वेळात जाऊ» असे सांगितले की माझा विश्वास उडायचा, कारण थोडा वेळ कधीच थोडा नसायचा. वाळूचे घड्याळ मात्र खोटे बोलत नाही, आणि त्याला वीजही लागत नाही.

तिसरे, पाहुण्यांसमोर मला आशीर्वाद म्हणून दाखवायला सांगू नये असे मला वाटायचे. मी तो पाठ केलेला असायचा आणि खोलीत एकटा असताना म्हणायचोही. सर्वांनी माझ्याकडे पाहिले की शब्द निघून जायचे आणि मग सर्वजण आईकडे दयेने पाहायचे.

योम किप्पूर मला आता सर्वात आवडता सण आहे. इथे इस्राएलमध्ये त्या दिवशी रस्त्यांवर वाहने नसतात आणि संपूर्ण शहर इतके शांत होते की मला माझ्या पावलांचा आवाज ऐकू येतो. तुमच्या मुलालाही एखादा सण असा आवडू शकतो. तो कोणता हे तुम्हाला आधीपासून कळणार नाही.

ठाण्याची आई

तुम्हा सर्वांचे आभार कसे मानावेत हे मला कळत नाही. बीरशेवाच्या दादांचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला, आणि गेल्या वर्षी पाहुण्यांसमोर मीसुद्धा माझ्या मुलाला «शालोम म्हण» असा आग्रह केला होता हे आठवून रडले.

पेसाह, म्हणजे आंबवलेले धान्य वर्ज्य असलेला सण, अजून फार दूर आहे, पण मावशींना आत्ताच विचारून ठेवते, कारण त्याची तयारीही महिनाभर आधी लागेल असे आता दिसते. माझा मुलगा ठरावीक बिस्किट, पाव, भात आणि वरण एवढेच खातो. मागच्या पेसाहात आठही दिवस तो बिस्किटांच्या रिकाम्या फळीसमोर उभा राहायचा.

अश्दोदची मावशी

आपल्या समाजात पेसाहात भात चालतो, हे या बाबतीत मोठे भाग्य आहे. अश्केनाझी (युरोपीय मुळाच्या ज्यू) घरांत तांदूळही वर्ज्य असतो आणि तिथल्या माता याहून कठीण परिस्थितीत असतात. भात आणि वरण तसेच राहू द्या, त्याच ताटात, त्याच वाटीत. सणासाठी भांडी बदलत असाल तर त्याची पेसाहची वाटी नेहमीच्या वाटीसारखीच दिसणारी, आधीच घेऊन ठेवा. मुलाचे वजन घटत असेल किंवा तो अन्नच सोडत असेल, तर डॉक्टर आणि रब्बी दोघांशी आधी बोला. अशा मुलांसाठी वेगळा निर्णय दिला जातो, आणि तो मागण्यात संकोच करू नये.

बिस्किटांची रिकामी फळी मात्र दाखवू नका. आपल्या जुन्या लोकांत पेसाह हा आंबवणाचे मडके झाकून ठेवण्याचा सण म्हणून ओळखला जाई. मला ही कल्पना मुलांसाठी फार उपयोगी वाटते, कारण झाकलेली वस्तू नाहीशी झालेली नसते. बिस्किटे घरात ठेवता येत नाहीत, तेव्हा रिकामा, धुतलेला डबा त्याच्या समक्ष फडक्याने बांधा, त्यावर आठ पट्ट्या लावा, रोज एक काढू द्या आणि सण संपलेल्या रात्री तो डबा त्याच्याच हाताने पुन्हा भरा. पहिल्या वर्षी तो रोज रडेल. दुसऱ्या वर्षी त्याला डबा भरलेला आठवेल.

सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या जेवणाच्या विधीच्या, पंधरा पायऱ्या आहेत, म्हणजे पंधरा चित्रे. पुण्यात १८७४ साली छापलेल्या हिब्रू-मराठी हागादामध्ये (सेदेरच्या पुस्तकात) नऊवारी नेसलेल्या स्त्रिया मात्सा (बिनआंबवलेली भाकर) करताना दाखवल्या आहेत. आपल्या लोकांनी तेव्हाच ओळखले होते की ही कथा डोळ्यांनीही समजते. मुलाला सेदेरपूर्वी पोटभर जेवू घाला, कारण जेवणाची पायरी फार उशिरा येते आणि उपाशी मूल दहा पीडांपर्यंत टिकत नाही. पंधरांपैकी हात धुण्याची आणि लपवलेला मात्सा शोधण्याची, अशा दोनच पायऱ्यांना तो आला तरी चालेल.

आणि मा निश्ताना, म्हणजे सेदेरला मुलांनी विचारायचे चार प्रश्न, त्याला म्हणता आले नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. हागादामध्ये चार मुलगे आहेत आणि त्यांतल्या चौथ्याला प्रश्न विचारता येत नाही. त्याला रागावावे, बाहेर पाठवावे किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने विचारावे असे तिथे लिहिलेले नाही. «तू त्याच्यासाठी सुरुवात कर» असे लिहिले आहे. मी वर्गात दर वर्षी हे वाक्य वाचायचे तेव्हा माझा आवाज अडखळायचा. ज्यांनी ही रचना केली त्यांच्या पंगतीत तसे मूल नक्की बसलेले असणार.

पुण्याचा बाबा

एक छोटी भर. त्याआधी पुरीम येईल. त्या सणाला वाचल्या जाणाऱ्या मेगिल्लामध्ये (एस्तेरच्या पुस्तकात) हामान या दुष्टाचे नाव ५४ वेळा येते आणि प्रत्येक वेळी खुळखुळे वाजतात, म्हणून आम्ही दोन वर्षांपासून मुलांच्या वाचनात खुळखुळ्यांऐवजी कापडी झेंडे हलवतो. मुखवटे मात्र आमच्या मुलीला चालत नाहीत. चेहरा झाकलेला माणूस ती ओळखत नाही आणि घाबरते.

ठाण्याची आई

आज सकाळची गोष्ट सांगते आणि थांबते. हजानांना फोन केला. रविवारी १३ तारखेला शोफार किती वाजता सुरू होईल हे त्यांनी सांगितले, हातबोशीबद्दल शनिवारीच सूचना देतो म्हणाले, आणि मुलाला आत थांबणे जमले नाही तर दुपारी चालत आमच्या घरी येऊन तीस आवाज वाजवीन असे त्यांनी आपणहून सुचवले. काल त्यांच्याकडून मागून आणलेला जुना शोफार मुलाने आधी गालाला लावला, मग कानाला, मग बराच वेळ त्याच्या आत बोट घालून पाहिले. फुंकला नाही. पुठ्ठ्यावरच्या नऊ ठिपक्यांवर मात्र त्याने एकेक करून बोट ठेवले आणि शेवटच्या ठिपक्यानंतर माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी «संपले» म्हणाले. त्याने पुठ्ठा उलटा करून माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा पहिल्या रेघेवर बोट ठेवले.

योम किप्पूर आम्ही घरी, दार लावून करणार आहोत. दुपारच्या तीन तासांसाठी शेजारच्या काकूंना विचारले आहे.